एकाच आईबापाची तीन वासरे आणि भ्रूणाचा पहिला आठवडा

आपण कळविलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. एका गीर गाईच्या बीजांडांपासून प्रयोगशाळेत तयार केलेले तीन भ्रूण एकाच दिवशी तीन संकरित गाईंच्या गर्भाशयात ठेवण्यात आले. वळू एकच आणि रेतमात्राही एकाच बॅचच्या. दोन गाई वेळेवर व्याल्या व त्यांची वासरे २४ आणि २६ किलोंची भरली. तिसरी गाय नऊ दिवस वर गेली, विताना अडली आणि शेवटी आपल्याला शस्त्रक्रिया करून वासरू काढावे लागले. ते ४७ किलोंचे निघाले, जीभ मोठी होऊन बाहेर लोंबत होती, बेंबीपाशी फुगवटा होता आणि पहिले दोन दिवस त्याला श्वास घेणे जड जात होते. आपल्या शर्थीने ती कालवड वाचली, ही मोठीच गोष्ट आहे. आता मालक वळूला दोष देत आहेत आणि आपण चार गोष्टी विचारल्या आहेत: दोष वळूचा आहे का, गाईच्या भ्रूणात पहिल्या आठवड्यात जे ‘एपिजेनेटिक’ बदल होतात असे म्हणतात ते नेमके काय असतात, प्रयोगशाळेत किंवा गोठ्यावर त्याबाबत काही करता येते का, आणि ही कालवड पुढे भरवावी की नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर एका चांगल्या वळूचे नाव अवलंबून आहे. आपण वर्णन केलेली लक्षणे ‘लार्ज ऑफस्प्रिंग सिंड्रोम’, म्हणजे गर्भाची अवाजवी वाढ होण्याचा विकार, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराशी तंतोतंत जुळतात, आणि या विकारात ज्या खुणा सर्वांत जास्त वेळा हरवलेल्या आढळतात त्या वळूने दिलेल्या नसतातच. त्या बीजांडातून आलेल्या असतात. हे कसे, ते समजण्यासाठी दुसऱ्या प्रश्नाकडे जाणे भाग आहे आणि त्याचे उत्तर लांब आहे.

‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रूढ केला. आज आपण त्याचा अर्थ असा घेतो की, डीएनएमधील अक्षरांचा क्रम जराही न बदलता कोणते जनुक वाचले जावे आणि कोणते मिटलेले राहावे हे ठरविणाऱ्या, पेशीच्या विभाजनानंतरही टिकून राहणाऱ्या खुणा. मी विद्यार्थ्यांना पोथीचे उदाहरण देतो. पोथीतला मजकूर गाईच्या प्रत्येक पेशीत एकच असतो, पण यकृताच्या पेशीत काही पाने दोऱ्याने बांधून ठेवलेली असतात आणि कासेच्या पेशीत दुसरीच. हे बांधणे मुख्यतः दोन प्रकारे होते. एक म्हणजे डीएनएमधील सायटोसिन या अक्षराला मिथाइलचा छोटा रासायनिक गट चिकटतो आणि सामान्यतः त्या जागेच्या जनुकाचे वाचन थांबते. दुसरे म्हणजे डीएनएचा धागा ज्या हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्या रिळांवरच निरनिराळे गट लागतात. काही गटांमुळे गुंडाळी सैल होऊन जनुक वाचता येते, तर काहींमुळे ती घट्ट आवळली जाते.

आता फलनाच्या क्षणाचा विचार करा. शुक्राणूतील डीएनए प्रोटामिन नावाच्या प्रथिनांवर इतका दाबून बसविलेला असतो की त्यातले काहीच वाचता येत नाही, आणि त्यावर मिथाइलच्या खुणाही भरपूर असतात. बीजांडाच्या खुणा निराळ्या, त्याच्या आयुष्याला शोभणाऱ्या. या दोन अत्यंत विशेष कामांच्या पेशी एकत्र येऊन अशी एक पेशी घडवायची असते की जिच्यातून पुढे खूर, शिंग, वार, मेंदू असे सर्व काही निघू शकेल. त्यासाठी जुन्या खुणा पुसाव्या लागतात. फलनानंतर काही तासांतच शुक्राणूकडून आलेल्या डीएनएवरील प्रोटामिन निघून तेथे बीजांडातील हिस्टोन बसतात, आणि टेट-३ नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्या डीएनएवरील मिथाइल खुणा झपाट्याने बदलू व घटू लागतात. आईकडून आलेल्या डीएनएवरील खुणा मात्र हळूहळू, पेशीविभाजनाबरोबर विरळ होत जातात. प्रत्येक विभाजनात नवा धागा तयार होतो, त्यावर जुन्या खुणांची नक्कल उतरविणारा विकर या काळात पुरेसा उपलब्ध नसतो, आणि त्यामुळे दर विभाजनागणिक खुणांचे प्रमाण कमी होते.

गाईत हे वेळापत्रक उंदरापेक्षा वेगळे आहे आणि ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत बहुधा उंदराच्या अंगाने लिहिलेली असल्यामुळे आपल्याकडे पुष्कळ गैरसमज होतात. उंदराच्या भ्रूणात मिथाइल खुणांची पातळी ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे आत पोकळी धरलेल्या भ्रूणाच्या, सुमारास तळाला जाते. गाईच्या भ्रूणात ती ८ ते १६ पेशींच्या अवस्थेतच तळ गाठते आणि तेथून पुन्हा चढू लागते. हिस्टोनवरील काही खुणांचेही तसेच. जनुके मिटवून ठेवणारी एच-३ हिस्टोनवरील २७व्या जागेची ट्रायमिथाइल खूण बीजांडात भरपूर असते, ८ पेशींपर्यंत ओसरते आणि ब्लास्टोसिस्टमध्ये पुन्हा दिसू लागते. हा योगायोग नव्हे. गाईच्या भ्रूणाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर वाचली जाण्यास सुरुवात होते ती याच ८ ते १६ पेशींच्या टप्प्यावर, म्हणजे फलनानंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. उंदरात हे २ पेशींवर आणि माणसात ४ ते ८ पेशींवर घडते. तोपर्यंत गाईचा भ्रूण आईने बीजांडात भरून ठेवलेल्या शिदोरीवर, म्हणजे तेथील आरएनए आणि प्रथिनांवर, जगत असतो. प्रयोगशाळेतील भ्रूण पूर्वी नेमके याच टप्प्यावर अडकून मरत, आणि आजही ज्या डिशमधील वातावरणात काही बिघाड असतो तेथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रूण थांबलेले दिसतात. शिदोरी संपलेली असते आणि स्वतःचे जनुकवाचन सुरू झालेले नसते.

यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट बिलगून मोरुला होतो, सातव्या दिवशी आत पोकळी धरून ब्लास्टोसिस्ट तयार होतो, आणि तेव्हा त्यातील शे-सव्वाशे पेशींची पहिली वाटणी झालेली असते. बाहेरचा थर पुढे वारेचा भाग होणार, आतला पुंजका वासरू होणार. दोन्ही गटांवर आता नव्याने, वेगवेगळ्या तऱ्हेच्या खुणा बसू लागतात. वारेकडे जाणाऱ्या पेशींचे हे नवे लेखन बिघडले तर त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तो दिसतो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ जाण्यात, वारेच्या गाठी कमी पण अवाढव्य होण्यात, किंवा गर्भाभोवती पाणी बेसुमार साठण्यात. आपल्याला सातव्या महिन्यात भेटणाऱ्या आजाराचे मूळ सातव्या दिवसात असू शकते, हे मला स्वतःला पटायला बरीच वर्षे लागली.

पुसण्याच्या या सगळ्या धामधुमीत काही जागा मात्र पुसल्या जाऊ नयेत अशा असतात, आणि आपल्या कालवडीचे कोडे तेथेच सुटते. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती, एक आईकडची व एक बापाकडची, सारख्याच वापरल्या जातात. थोड्या जनुकांच्या बाबतीत (उंदरात ही संख्या दीडशेच्या आसपास धरतात) दोघांपैकी एकाचीच प्रत चालते आणि दुसरी बंद असते. कोणती बंद ठेवायची याचा ठसा बीजांड किंवा शुक्राणू तयार होतानाच मारलेला असतो. याला ‘इम्प्रिंटिंग’ म्हणतात. हे ठसे फलनानंतरच्या पुसापुशीतून वाचावेत म्हणून भ्रूणात खास प्रथिने त्या जागांवर पहारा देत बसतात. ठसा एकदा पुसला गेला की तो त्या वासराच्या आयुष्यात परत उमटत नाही, कारण तो मारण्याची जागा अंडाशय किंवा वृषण ही आहे, गर्भाशय नव्हे.

यातील बरीच जनुके गर्भाच्या वाढीशी निगडित आहेत. आयजीएफ-२ नावाचे वाढीचे संप्रेरक बापाच्या प्रतीवरून तयार होते आणि वाढीला जोर देते. त्याला पकडून नष्ट करणारा पेशीवरील ग्राहक (रिसेप्टर), आयजीएफ-२-आर, आईच्या प्रतीवरून तयार होतो आणि वाढीला आवर घालतो. दुसऱ्या एका ठिकाणी केसीएनक्यू-१-ओटी-१ नावाचा एक लांबलचक आरएनए आहे. आईच्या प्रतीवर मिथाइलचा ठसा असल्यामुळे तो तेथून तयार होत नाही, आणि म्हणून शेजारचे सीडीकेएन-१-सी हे पेशीविभाजनाला लगाम घालणारे जनुक आईच्या प्रतीवरून नीट चालते. हा ठसा हरवला की तो आरएनए आईच्या प्रतीवरूनही तयार होऊ लागतो, शेजारचा लगाम सुटतो आणि गर्भ वाढतच राहतो. माणसात बेकविथ-वीडमन या विकाराची जी मुले जन्मतात, मोठी जीभ, बेंबीचा हर्निया, अवाजवी वजन असलेली, त्यांच्यातील जवळपास निम्म्यांत हाच ठसा हरवलेला असतो. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठातील संशोधकांनी गाईच्या अतिवाढ झालेल्या गर्भांत हेच दाखवून दिले, आणि २०१५ मध्ये असेही दाखविले की अशा गर्भांत एकच नव्हे तर अनेक ठिकाणचे ठसे विस्कटलेले असतात व ही विस्कट प्रत्येक गर्भात वेगळी असते. त्याआधी २००१ मध्ये स्कॉटलंडमध्ये मेंढीच्या गर्भांवर झालेल्या कामात आयजीएफ-२-आर जनुकावरील ठसा गेलेला आणि त्या ग्राहकाचे प्रमाण घटलेले आढळले होते.

ध्यानात घ्या, केसीएनक्यू-१-ओटी-१ आणि आयजीएफ-२-आर या दोन्ही ठिकाणचे ठसे आईच्या प्रतीवरचे आहेत. म्हणजे ते एकतर बीजांड वाढत असताना नीट मारले गेले नाहीत, किंवा मारले गेले पण पहिल्या आठवड्यात टिकले नाहीत. वळूच्या रेताचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय तिन्ही भ्रूण एकाच बॅचच्या रेतापासून बनलेले असताना दोन वासरे निरोगी निघाली आहेत. मालकांना आपण हे निःशंकपणे सांगावे. याच्याच जोडीला हेही सांगावे की अशी वासरे साध्या कृत्रिम रेतनातून किंवा नैसर्गिक संयोगातूनही क्वचित जन्मतात. प्रयोगशाळेमुळे त्यांचे प्रमाण वाढते, पण प्रत्येक थोराड वासरू प्रयोगशाळेच्या माथी मारणे बरोबर नाही. मोठे वासरू केवळ वळूच्या वंशामुळेही असू शकते. फरक ओळखायचा तो जोडीच्या लक्षणांवरून: जीभ, बेंबी, पोटातील अवयवांची वाढ, लांबलेले गाभणपण आणि वारेचे रूप.

आता ठसा कोठे बिघडतो याकडे वळू. पहिली जागा अंडाशय. गाईच्या बीजांडावर आईचे ठसे एकदम उमटत नाहीत. बीजांड आकाराने वाढत जाते तसे एकामागून एक ठिकाण पुरे होत जाते, आणि व्यास साधारण १२० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा, होईपर्यंत हे काम चालते. म्हणून अगदी लहान फॉलिकलमधून, म्हणजे बीजांड ज्या पुटिकेत वाढते तिच्यातून, ओढलेली बीजांडे संख्येने कितीही आकर्षक वाटली तरी त्यांतील काहींचे हे काम अर्धवट राहिलेले असते. आपल्या गीरसारख्या भारतीय वंशांच्या गाईंच्या अंडाशयात परदेशी गाईंच्या मानाने पुष्कळ जास्त फॉलिकल असतात, एका वेळी भरपूर बीजांडे मिळतात, आणि तेथेच संख्येचा मोह सुरू होतो. सुई कोणत्या फॉलिकलमध्ये घालायची नाही, हे कळणे हीच त्या कामातील खरी जाण आहे असे मी मानतो.

दुसरी जागा म्हणजे आमची डिश. प्रयोगशाळेत बीजांडे २२ ते २४ तास पक्व केली जातात, मग शुक्राणूंबरोबर १८-२० तास ठेवली जातात, आणि पुढचे सहा-सात दिवस भ्रूण कल्चरमध्ये, म्हणजे पोषक द्रवात, वाढतात. बीजांडवाहिनीत तो जे अन्न, जो प्राणवायू आणि जे संकेत घेत वाढला असता त्यांच्या जागी आम्ही ३८.५ अंश तापमान, काही क्षार, ग्लुकोज, लॅक्टेट, पायरुवेट आणि अमिनो आम्ले देतो. या विषयात आयर्लंडमधील डब्लिनच्या गटाने केलेले एक काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी प्रयोगशाळेत फलित केलेली गाईची भ्रूणे मेंढीच्या बांधून ठेवलेल्या बीजांडवाहिनीत वाढविली, आणि उलट, गाईच्या शरीरात फलित झालेली भ्रूणे काढून डिशमध्ये वाढविली. निष्कर्ष असा निघाला की शंभर बीजांडांतून किती ब्लास्टोसिस्ट होतील हे बीजांडाच्या गुणवत्तेवर ठरते, पण तयार झालेला ब्लास्टोसिस्ट किती दर्जेदार असेल हे फलनानंतर तो कोठे वाढला यावर ठरते. म्हणून ‘आमच्याकडे चाळीस टक्के ब्लास्टोसिस्ट मिळतात’ हे वाक्य ऐकून कोणी खूश होऊ नये. आकडा मुख्यतः बीजांडाविषयी सांगतो; कल्चरच्या दर्जाविषयी तो फारसे काही सांगत नाही, आणि ठशांविषयी तर अजिबातच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अव्वल दर्जाचा दिसणारा भ्रूण आतून ठसा हरवलेला असू शकतो. आपल्या तिसऱ्या गाईत ठेवलेला भ्रूणही बाकीच्या दोघांसारखाच देखणा असणार.

डिशमधील अन्नाचा आणि खुणांचा संबंध इतका घट्ट का, तर खुणा बनतात त्याच अन्नातून. मिथाइलचा गट येतो मेथिओनिनपासून तयार होणाऱ्या एका रेणूतून, आणि त्या चक्राला फोलेट, बी-१२ व कोलीन लागते. हिस्टोनवर बसणारा असिटिल गट येतो पेशीतील ऊर्जाचक्रातून. खुणा काढणाऱ्या विकरांना अल्फा-कीटोग्लुटारेट, लोह आणि क जीवनसत्त्व लागते, आणि ते प्राणवायूच्या प्रमाणानुसार वेगाने किंवा सावकाश चालतात. हवेत प्राणवायू २० टक्क्यांहून थोडा अधिक असतो, बीजांडवाहिनीत त्याहून कितीतरी कमी. म्हणूनच आता चांगल्या इनक्युबेटरमध्ये तो ५ टक्क्यांवर ठेवतात. फ्लोरिडातील एका प्रयोगात तर कल्चरमध्ये केवळ कोलीन वाढविल्याने जन्मलेली ‘ब्राह्मन’ या गोवंशाची वासरे दूध तोडण्याच्या वयात अधिक वजनाची भरली. सात दिवसांतील एका घटकाचा परिणाम सात-आठ महिन्यांच्या वासरावर दिसतो, याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

सीरमची गोष्ट मी जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात माझाही वाटा आहे. मी या कामाला लागलो तेव्हा कल्चरमध्ये दहा टक्के सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) घालणे आणि खाली दुसऱ्या पेशींचा थर देणे ही सर्वत्र प्रचलित पद्धत होती. तिने भ्रूण लवकर ब्लास्टोसिस्ट होत आणि संख्याही चांगली दिसे. परदेशात १९९० च्या दशकातच गाई आणि मेंढ्यांमध्ये अशा कल्चरनंतर थोराड वासरे-कोकरे होऊ लागल्याची वृत्ते आली होती. १९९८ पर्यंत त्यांचा एकत्रित आढावाही प्रसिद्ध झाला होता. मी तेव्हा ज्या प्रयोगशाळेत होतो तेथे आम्ही ते वाचले आणि तरीही पद्धत बदलली नाही, कारण संख्या घटली असती. पुढे एका हंगामात आमच्या भ्रूणांची दोन वासरे पोटातच वाढून गाईंसकट गेली. ज्या शेतकऱ्याची ती दुसरी गाय होती त्याच्या अंगणात मी उभा होतो. त्यानंतर आम्ही सीरम काढून टाकले, बीजांडवाहिनीच्या द्रवावरून बेतलेले माध्यम आणि शुद्ध अल्ब्युमिन वापरू लागलो. ब्लास्टोसिस्ट थोडे कमी झाले, एखादा दिवस उशिराही होऊ लागले. पण ते गोठवून वितळविल्यावर अधिक टिकू लागले आणि अवाजवी वासरे दिसेनाशी झाली. आपण ज्या प्रयोगशाळेकडून भ्रूण घेता तिला दोन प्रश्न जरूर विचारा: कल्चरमध्ये सीरम आहे का आणि असल्यास कोणत्या दिवशी घातले जाते, आणि प्राणवायू किती टक्के आहे. उत्तर देण्यास जेथे टाळाटाळ होईल तेथे भ्रूण घेऊ नयेत.

हे सर्व बिघाड खुणांचे असतात, मजकुराचे नव्हे, याचा भक्कम पुरावा क्लोनिंगमधून मिळतो. क्लोनमध्ये कातडीच्या किंवा कासेच्या पेशीचे केंद्रक, तिच्या सर्व बांधलेल्या पानांसह, रिकाम्या बीजांडात घातले जाते, आणि वर्षानुवर्षांच्या खुणा काही तासांत पुसण्याचे काम त्या बीजांडावर येऊन पडते. २००१ मध्ये कोरियातील व ब्रिटनमधील गटांनी स्वतंत्रपणे दाखविले की गाईच्या क्लोन भ्रूणात हे पुसणे अपुरे राहते आणि त्यांच्या खुणा मूळ कातडीच्या पेशीसारख्याच राहतात. ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली ही २७७ प्रयत्नांतून एकच निघाली, त्याचे मोठे कारण हेच. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत ६ फेब्रुवारी २००९ रोजी जन्मलेली म्हशीची पहिली क्लोन पारडी काही दिवसांतच दगावली; त्यानंतर त्याच संस्थेने यशस्वी पारड्या जन्माला घातल्या आणि १६ मार्च २०२३ रोजी गीर जातीची ‘गंगा’ ही ३२ किलोंची क्लोन कालवड जन्मली. गीरच्या कातडीवरून घेतलेल्या पेशी, साहिवालचे बीजांड आणि संकरित गाईचे गर्भाशय असा तो मेळ होता. ती निरोगी निघाली, यामागे भ्रूणाच्या पहिल्या तासांविषयीची वर्षानुवर्षांची समजूत आहे.

गोठ्यावर काय करता येईल हा आपला तिसरा प्रश्न उरतो. येथे ८ ते १६ पेशींचा तो टप्पा पुन्हा उपयोगी पडतो. फ्लोरिडात १९९३ मध्ये झालेल्या कामात असे दिसले की माजानंतर पहिल्या दिवशी गाईला उष्णतेचा ताण दिला तर भ्रूण मोठ्या प्रमाणात खुंटतात, पण तिसऱ्या, पाचव्या किंवा सातव्या दिवशी दिलेल्या ताणाने तितके खुंटत नाहीत. स्वतःची जनुके वाचू लागेपर्यंत भ्रूणाला उष्णतेपासून बचाव करणारी प्रथिने स्वतः बनविता येत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात संकरित गाई वारंवार उलटतात, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात, त्यामागे हे एक ठळक कारण आहे. म्हणून उन्हाळ्यात गाय भरविल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सावली, फवारा आणि वारा यांना सोडू नये. माजाच्या दिवशी तिला भर दुपारी टेम्पोतून किंवा चालवत दवाखान्यात आणणे तर टाळावेच. सात दिवसांचा भ्रूण ठेवल्यास हा नाजूक टप्पा ओलांडलेला असतो, म्हणून कडक उन्हाळ्यात भ्रूण प्रत्यारोपण रेतनापेक्षा सरस ठरू शकते. देशी वंशाचे भ्रूण या बाबतीत होल्स्टीनपेक्षा काटक असतात, हेही प्रयोगांनी दाखविले आहे.

डोनर, म्हणजे बीजांडे देणाऱ्या, गाईच्या आहाराकडे मात्र आपण सगळेच उशिरा पाहतो. आज ओढलेले बीजांड वाढायला लागले ते काही महिन्यांपूर्वी, म्हणून ओपीयूच्या, म्हणजे सुईने बीजांडे ओढण्याच्या, आठवड्यात दिलेली पौष्टिक पेंड फारशी कामी येत नाही. तीन महिने आधीपासून गाय सुस्थितीत हवी, तीही झपाट्याने हाडे दिसू लागणारी नको आणि चरबी चढलेलीही नको. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगात गर्भधारणेच्या आगेमागे बी-१२, फोलेट आणि मेथिओनिन कमी ठेवले, नंतर भ्रूण सामान्य मेंढ्यांत घातले, तरी जन्मलेल्या पिलांच्या डीएनएवरील मिथाइल खुणा बदललेल्या होत्या आणि मोठेपणी ती, विशेषतः नर, लठ्ठ व इन्सुलिनला दाद न देणारी निघाली. गाईच्या पोटातील जीवाणू बी-१२ स्वतः बनवितात, पण त्यासाठी कोबाल्ट लागते. म्हणून खनिज मिश्रण हा डोनर गाईच्या बाबतीत खर्च वाचविण्याचा विषय नाही.

प्रयोगशाळेतील भ्रूण घातलेल्या गाईंची एक वही ठेवा. गाभणपणाचे दिवस काटेकोर मोजा, कारण ठरलेल्या तारखेवर आठवडा गेला की सावध व्हायचे असते. सातव्या महिन्यापासून पोटाचा घेर अकस्मात वाढला तर तपासणी पुढे ढकलू नका. भ्रूण ठेवण्यासाठी पहिलारू, अरुंद कमरेची कालवड निवडू नका. प्रत्येक वासराचे वजन त्याच दिवशी काट्यावर करा, अंदाजाने लिहू नका. वार पडल्यावर तिच्या गाठी मोजा आणि जीभ-बेंबीची नोंद करा. अशी वजने परत कळविणारे पशुवैद्यक फार थोडे आहेत, आणि त्यांच्याविना प्रयोगशाळेला आपल्या डिशमध्ये काय घडते आहे हे कळण्याचा मार्गच नसतो.

राहिली कालवड. ती पुढे भरविण्यास काहीच हरकत नाही. तिच्या शरीरातील ठसे आयुष्यभर विस्कटलेले राहतील, पण तिच्या स्वतःच्या बीजांडांच्या पूर्वज पेशींतून ते गर्भावस्थेतच मुळापासून पुसले गेले आहेत आणि तिच्या अंडाशयात प्रत्येक बीजांड वाढताना ठसे पुन्हा नव्याने मारले जातील. क्लोनसारख्या, सर्वांत जास्त विस्कटलेल्या जनावरांचीही पिले सामान्य निघतात: डॉलीला नैसर्गिकरीत्या सहा कोकरे झाली, आणि कर्नालच्या ‘गरिमा-२’ या क्लोन म्हशीने साध्या कृत्रिम रेतनातून २५ जानेवारी २०१३ रोजी ‘महिमा’ या निरोगी पारडीला जन्म दिला. तूर्त बेंबीचा फुगवटा आठवड्याला एकदा हाताने चाचपून पाहा. बोटे आत जात असतील आणि तीन महिन्यांपर्यंत भोक मिटले नाही तर शिवून घ्या. पहिले काही आठवडे ती चीक-दूध ओढताना दमते का याकडे लक्ष द्या आणि दमत असेल तर थोडे थोडे, जास्त वेळा पाजा. वयापेक्षा अंगाने मोठी दिसते म्हणून तिला लवकर भरविण्याची घाई मालक करतील. ती करू देऊ नका, आणि पहिल्या वेळी सहज विता येईल अशी लहान वासरे देणाऱ्या वळूचे रेत वापरा.